मागच्या ठोक्याचा आकडा

रश्मी ओव्हाळ पिंपळे गुरवला राहते आणि चाकणच्या एका लहानशा कंपनीत कर्नलचं, म्हणजे कंप्युटरच्या अगदी पोटातलं, सॉफ्टवेअर लिहिते. तिचे वडील अण्णासाहेब भोसरीत लेथवर राबले. मुलगी नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की ते नुसतेच हसतात.

तिची कंपनी पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेस मशिनचे कंट्रोल बॉक्स बनवते. प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा ठरलेला असतो. प्रत्यक्षात किती पडला ते बॉक्स मोजतो आणि आकडा जुळला नाही की मशिन बंद करतो. बॉक्समध्ये नवा, वेगवान प्रोसेसर घातला आणि दुखणं सुरू झालं. मशिनं विनाकारण बंद पडू लागली. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला.

"कनेक्टर ढिले राहतायत," मॅनेजर शेखर म्हणाला. बॉक्सची जोडणी नवनाथ करायचा. त्याला कामावरून कमी करायचं ठरलं.

नवनाथ बीडकडचा. कँटीनमध्ये रश्मीला गाठून म्हणाला, "मॅडम, एकेक पिन वढून बघतो मी. ढिली ऱ्हाईलच कशी?"

रश्मीनं परत आलेले बॉक्स चालवून पाहिले. चुकीचा आकडा वाट्टेल तो येत नव्हता. दर वेळी तो आधीच्या ठोक्याचाच असे.

ती थेट शेखरकडे गेली. "ढिली वायर काहीही दाखवेल. मागचाच आकडा जसाच्या तसा कसा दाखवेल? चूक सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवनाथचं तेवढं थांबवा."

"तोवर थांबतो. शोधून दाखव, मग बघू," शेखर म्हणाला.

प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे दोन भाग, म्हणजे कोअर, होते. एक आकडा मेमरीत लिहून 'तयार' अशी खूण करायचा. दुसरा खूण पाहून आकडा उचलायचा. खूण अर्धवट वाचली जात असेल, असं वाटून रश्मीनं तिथे अ‍ॅटॉमिक रीड घातला, म्हणजे खूण एका दमात अखंड वाचली जाईल. मशिन तरीही बंद पडलं. तेव्हा तिला कळलं, की वाचन ठीकच होतं, गडबड क्रमात होती. वेग साधायला नवा प्रोसेसर कामं मागंपुढं करत होता. खूण आधी दिसायची, आकडा मागून यायचा. जुना प्रोसेसर हा क्रम सांभाळायचा, म्हणून चूक इतकी वर्षं झाकून राहिली होती.

तिनं लिहिणाऱ्या बाजूला मेमरी बॅरियर, म्हणजे क्रम मोडू न देणारा अडसर, घातला. आता आकडा पोचल्याशिवाय खूण दिसणार नव्हती. बंद पडणं कमी झालं, पण थांबलं नाही. रश्मी हिरमुसली. दोन दिवस तिनं तोच कोड उलटसुलट वाचला आणि एकदम तिच्या ध्यानात आलं: वाचणाराही घाई करतोय! खूण पाहण्याआधीच तो आकडा उचलून ठेवतोय. तिनं त्या बाजूलाही बॅरियर घातला.

बॉक्स प्रेसवर नवनाथनंच चढवला. दोन्ही शिफ्ट मशिन अखंड चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. शेखर स्वतः लाइनवर आला. "नवनाथ, मी उगाच तुझ्यावर ढकललं. तुझी नोकरी कुठं जात नाही. राग धरू नकोस."

"राग कसला, साहेब," नवनाथ म्हणाला आणि पुढच्या बॉक्सची एकेक पिन ओढून बघू लागला.

चूक ज्यात होती तो ड्रायव्हर, म्हणजे मोजणी सांभाळणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, जगभर कुणीही वापरू शकेल असा खुला होता. रश्मीनं दुरुस्ती त्याच्या सांभाळकर्त्यांना पाठवली. त्यांनी दोन शंका विचारल्या, तिनं उत्तरं दिली आणि दुरुस्ती तिच्या नावानिशी स्वीकारली गेली.

घरी अण्णासाहेबांनी स्क्रीनवर ते नाव पाहिलं. "आता नीट समजावून सांग," ते खुर्ची ओढत म्हणाले. "घाई करू नको."