भाऊसाहेबांचा सफेदा

आमच्या बऱ्हाणपूरच्या नाटक मंडळाचे किस्से धुवायच्या कपड्यांसारखे साठत जातात. कपडे आणि रंगपेटी माझ्याकडे, त्यामुळे सगळा मळ मलाच दिसायचा.

भाऊसाहेब आमचे दिग्दर्शक. भुसावळला रेल्वेच्या हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर लागलं की हे गाडीने हजर. परत आले की नवा कायदा. "काळी टोपी म्हणजे बदमाश, पांढरी टोपी म्हणजे हिरो. चेहरा बघून कळलं पाहिजे!" आमच्या ऐतिहासिक नाटकात टोप्या कुठून आणू? शेवटी शत्रूच्या पगड्या काजळीत बुडवल्या. आठवडाभर माझे हात काळे.

एकदा त्यांनी पिक्चरमधल्या बाईच्या बारीक भुवया पाहिल्या. आमच्याकडे बाईचं काम वसंता करायचा. लावला त्याच्या भुवयांना वस्तरा! लगेच त्याचं लग्न होतं. मुलीचा बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुलगा कोणत्या दुखण्यातून उठलाय?"

हे हसण्यावारी गेलं. दामूचं नाही गेलं.

जैनाबादचा दामू केळी पिकवायचा आणि नावेतून तापी ओलांडून तालमीला यायचा. त्याच्यासारखा नट मंडळात दुसरा नव्हता. पण रंगाने काळा, म्हणून कायम खलनायक, शिवाय गालावर रंगवलेला जखमेचा व्रण.

"मले राजा कव्हा करता, भाऊसाहेब?" तो दर नाटकाला विचारायचा.

"काळा राजा कोण मानेल? पिक्चरमध्ये पाहिलास कधी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदाच त्याला न्यायाधीश केलं, तेही मानेपर्यंत सफेदा, म्हणजे तोंडाला लावायचा पांढरा रंग, थापून. तो सफेदा न्यायाधीशाच्या कोटाच्या कॉलरच्या आत असा बसला की सोड्यानेही निघाला नाही.

मग संस्थानं विलीन झाली. एका दरबारचे कपडे विकायला निघाले आणि भाऊसाहेबांनी खऱ्या राजाची अचकन आणली. सगळ्यांनी ती घालून पाहिली, बटणं लागली ती फक्त दामूला. भाऊसाहेब चरफडले. "ठीक आहे, हो राजा. पण सफेदा दुप्पट लागेल."

ती अचकन मी तशीच, न धुता पेटीत ठेवली होती; तोंडाला रंग लावून आमच्यातल्या कुणी ती अजून घातली नव्हती.

प्रयोगाच्या वेळी भाऊसाहेबांच्या देखत मी सफेद्याचा डबा उघडला. दामूने अचकन उचलली आणि थांबला. कॉलर उलटी करून माझ्यासमोर धरली. आत सफेद्याचा जुना, जाड थर होता.

दामूने तो नखाने खरवडला आणि भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुमच्या खऱ्या राजाचा रंग."

मग मला म्हणाला, "डबा बंद कर भाऊ," आणि होतं त्याच तोंडाने स्टेजवर गेला.