परवा वाजलेला हॉर्न

हैदराबादेत हॉर्नला हात न लावता गाडी चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेले रिटायर्ड वकील, पिढ्यानपिढ्या हैदराबादेत मुरलेलं मराठी घराणं. वडीलही वकील होते आणि त्यांच्या काळची कोर्टं उर्दूत चालायची, त्यामुळे घरमालकांच्या मराठीत 'मुलजिम', 'गवाह', 'पेशी' हे शब्द भाजीतल्या कढीपत्त्यासारखे कुठेही सापडायचे. हॉर्नबद्दल त्यांचा निकाल पक्का होता. "हॉर्न म्हणजे शिवी. तोंडानं द्यायची लाज वाटते म्हणून लोक बोटानं देतात." एकदा हिमायतनगरात आमच्यापुढे जामची बंडी आडवी उभी होती. इथे पेरूला जाम म्हणतात, हातगाडीला बंडी आणि 'हो'ला 'हौ'. मागे बस, रिक्षा, स्कूटर, सगळं शहर आमच्या नावाने कोकलत होतं, आणि घरमालक काच खाली करून त्या बंडीवाल्याकडे, आपली पाळी यायची आहे अशा चेहऱ्याने, बघत बसले होते. शेवटी त्यालाच राहवलं नाही. त्याने येऊन विचारलं, "क्या होना साब?" घरमालक म्हणाले, "रास्ता." रस्ता मिळाला, पण वर दोन किलो जाम घ्यावे लागले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'परवा'. हैदराबादी बोलीत 'परसों' हा एक दिवस नसून एक कोठार आहे, कालच्या आधीचं सगळं त्यात जमा होतं. घरमालकांनी तो अर्थ आपल्या मराठी 'परवा'त ओतून घेतला होता. मोरी परवा दुरुस्त केली, गच्ची परवा गळायची थांबली, आणि १९०८ सालच्या ज्या मुसी नदीच्या पुरात त्यांच्या आजोबांचं घर वाहून गेलं तो पूरही परवाच आलेला. मी खोली बघायला गेले तेव्हा घराला परवाच रंग दिलाय असं ते सांगत असताना भिंतीचा एक पोपडा अलगद त्यांच्या खांद्यावर येऊन बसला. मी तो झटकायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, पुरावा नष्ट करायचा नसतो."

मी उदगीरकडच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेज आतून पाहिलेली मी पहिली, आणि तीही इलेक्ट्रिकल इंजिनियर. हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. घरमालक माझ्या आधी सांगायचे. दूधवाल्यापासून शेजारच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना "ह्या आमच्या इंजिनियर बाई" अशी ओळख करून द्यायचे, आणि तीही अशा ऐटीत की ऐकणाऱ्याला वाटावं, माझे पेपर यांनीच लिहिले.

तर त्यांच्या त्या राखाडी रंगाच्या छोट्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागणार होती. अमेरिकेतल्या मुलाने फोनवर अट घातली होती की बाबा, तपासणीत गाडी पास झाली तर चालवा, नापास झाली तर भंगारात द्या आणि हट्ट सोडा. घरमालकांनी अट मान्य केली होती, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांना हॉर्नइतकंच निषिद्ध. तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी दिवे पाहिले, वायपर पाहिले, इंडिकेटर पाहिले. सगळं झाल्यावर आठवण आली की हॉर्नही तपासतात. दाबला. काही नाही. मग त्यांनी खालून हाक दिली, "इंजिनियर बाई, जल्दी या. आमचा मुख्य गवाह मुका झालाय."

मी स्पष्ट सांगितलं की काका, गाडी मला कळत नाही, पण वीज कळते, आणि गाडीतली वीजही वीजच. बारापर्यंत आरटीओत पोचायचं होतं. पहिला प्रश्न मी शास्त्राला धरून विचारला, शेवटचा कधी वाजला होता? ते तात्काळ म्हणाले, "परवाच वाजवला की." आता त्यांचा परवा मला माहीत नव्हता असं नाही. पण गाडीचा हॉर्न म्हणजे काही मोरी नव्हे. हौसेने नाही तरी एखादी म्हैस, एखादी बस, कोणासाठी तरी माणूस वाजवेलच, असं मी धरून चालले. म्हणजे बिघाड दोन दिवसांतला. दोन दिवसांत काय झालं? तर तपासणीसाठी म्हणून त्यांनी स्टिअरिंगला नवं कव्हर बसवलं होतं आणि गाडी पाइप लावून धुतली होती. कव्हर उसवून काढलं. मग पाणी गेलं असेल म्हणून वरच्या गॅलरीतून वायर खाली सोडली आणि माझ्या केसांच्या ड्रायरने हॉर्न वाळवला. हॉर्न गरम झाला, बोलला नाही. घरमालक कोर्टात घालायचा काळा कोट घालून शेजारी उभे होते, कारण पेशीला कोटाशिवाय जायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या कोटात त्यांना आधीच घाम फुटला होता. मी एकदाच म्हणाले की काका, उशीर झाला तर? त्यांनी बाह्या वर सारल्या. "आज ही गाडी बोलणार," म्हणाले.

मग फ्यूज. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ डबी होती. तिच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते दाखवणारं चित्र होतं, ते उन्हाने पार पुसलेलं. झाकणातच एक पांढरा प्लॅस्टिकचा चिमटा अडकवलेला. मी चिमट्याने एकेक फ्यूज उपटून द्यायची, ते तो उजेडाकडे धरून आतली तार अखंड आहे का बघायचे आणि निकाल द्यायचे, "बरी." बरी म्हणजे निर्दोष मुक्तता. लाल बरी, पिवळा बरी, पुन्हा लाल बरी. सुटलेल्या प्रत्येकाला मी त्याच्याच जागी परत बसवत होते, कारण ते शेजारी उभे राहून तेही बघत होते. सगळी डबी निर्दोष सुटली. मी पाठ सरळ केली आणि म्हणाले, वायरिंगच पाहावं लागेल, एवढ्या वेळात होणार नाही. घरमालक गाडीच्या पुढे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कोटासकट आत वाकले. "घरातले सुटले म्हणजे सगळे सुटले असं नसतं," आतून आवाज आला. बॅटरीशेजारी आणखी एक काळी डबी होती.

त्यात कोपऱ्यात एक निळा फ्यूज होता, पंधरा अँपिअरचा. तो निघता निघेना. निघाला तेव्हा आतली तार मधोमध वितळलेली, प्लॅस्टिक काळवंडलेलं, आणि धातूच्या पायांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. घरमालकांनी तो तळहातावर घेतला. इतका वेळ शोधलेला मुलजिम सापडला तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले, "काका, हा दोन दिवसांपूर्वी गेलेला नाही. ह्याचे पाय बघा. शेवटचा हॉर्न कधी वाजला होता?"

"परवा."

"परवा म्हणजे कधी? शपथेवर सांगा."

चेष्टेत म्हणाले होते मी. ते बराच वेळ फ्यूज उलटासुलटा करत राहिले.

"ही होती तेव्हा," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही वरच राहायचो. हिला खाली यायला नेहमी उशीर. साडीची पिन सापडायची नाही, गॅस बंद केला का ते पुन्हा बघायची. मी इथे फाटकाशी एक वाजवायचो. एकच. मग गॅलरीतून म्हणायची, आले हो, शहर कशाला उठवता. तेवढाच काय तो माझा हॉर्न, बेटा. दुसऱ्या कुणाला कशाला वाजवायचा?"

काकू गेल्या त्या मी तिथे राहायला येण्याच्या आधी. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, चला, बसा स्कूटीवर.

मी म्हटलं होतं की स्टिअरिंगखालच्या डबीतही एक निळा पंधराचा आहे, बहुधा सिगारेट लायटरचा, तो काढून इथे लावू. त्यांना ते मुळीच पटलं नाही. एकाचं काढून दुसऱ्याला देणं हा अपहार, तोही पेशीच्या दिवशी. म्हणून अंबरपेठच्या पार्टच्या दुकानापर्यंत ते काळ्या कोटात, माझ्या मागे बसून, मेलेला फ्यूज दोन बोटांत उंच धरून आले. दुकानदाराकडे निळा लवकर सापडेना. त्याने हिरवा तीसचा पुढे केला. "ये लेके जाओ साब, और मजबूत है, जिंदगीभर नै जलता." आमच्या गावात डीपीवरचा फ्यूज सारखा जातो म्हणून लोक जाड तार बांधतात, मग फ्यूज जात नाही, मोटर जाते. मी तोंड उघडणार तेवढ्यात घरमालकच म्हणाले, "मियाँ, जलना इसका काम है. जिसका काम उसकोच करने दो." दुकानदाराने निमूट शिडी लावली आणि वरच्या फळीवरून निळा काढून दिला.

फ्यूज उगाच उडत नाही. परत आल्यावर नवा बसवण्याआधी मी हॉर्नची वायर हाताने चाचपत गेले, तर एके ठिकाणी ती पत्र्याला घासून उघडी पडलेली. तिला काळी टेप गुंडाळली. मग फ्यूज बसवला आणि हात वर केला. घरमालक स्टिअरिंगवर बसले, चष्मा सारखा केला आणि दाबला. एकच. गाडी जुनी, पण आवाज कोवळा होता. आणि ते मान वर करून गॅलरीकडे बघत होते. गॅलरीत माझ्या ड्रायरची वायर लोंबत होती. मी बॉनेट लावायला घेतलं, आणि एरवी लावते त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावला.

आरटीओतल्या इन्स्पेक्टरने तेलुगूत "हॉर्न कोट्टंडि" म्हटलं. त्यांनी दाबला. बाहेरच्या गोंगाटात इन्स्पेक्टरला ऐकू आला नाही, त्याने पुन्हा दाबायला सांगितलं. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. तत्त्व मोडून त्यांनी दुसऱ्यांदा दाबला, आणि गाडी पुढच्या पाच वर्षांसाठी बरी झाली.

त्यानंतर दर रविवारी ते काचीगुड्याला भाजी आणायला मला सोबत न्यायचे. फाटकाशी येऊन एक हॉर्न. मी हातातलं टाकून धावत उतरायची, कारण दुसरा वाजणार नाही हे मला माहीत होतं. मग माझी बदली पुण्याला झाली. इथे माझ्या खिडकीखाली दिवसभर हॉर्न वाजतात आणि त्यातला एकही मला नसतो. मध्ये त्यांना फोन केला तेव्हा गाडी कशी आहे विचारलं. म्हणाले, "ती दिली ना परवा." परवा म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही.

ऑफिसात डबे उघडून बसलो होतो. मी मैत्रिणीला सांगायला सुरुवात केली की परवा आमच्या घरमालकांच्या गाडीचा फ्यूज उडाला. तिने घास थांबवून विचारलं, "परवा म्हणजे मंगळवारी?"

मी म्हणाले, "हौ."