जयवंत धुरींचं गाऱ्हाणं

कांजूरमार्गच्या या चाळीत मी राहायला आले, त्या वर्षी गणपतीच्या मंडपात शेवटच्या रांगेत उभी होते. आरती संपली. लेंगा घातलेला एक ठेंगणा माणूस पुढे आला, त्याने नारळ हातात घेतला आणि माइक बाजूला सारला. कोकणातल्या रिवाजाप्रमाणे तो सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालू लागला. कुणाचं लग्न, कुणाची दहावी, सगळं त्याला पाठ होतं. प्रत्येक मागणीनंतर चाळ एकदम म्हणे, "व्हय म्हाराजा!" शेवटी तो म्हणाला, "नव्या बाई इल्यात, तेंका हंय बरां लागू दे रे म्हाराजा!" मला खरोखरच बरं वाटलं.

ते जयवंत धुरी, विक्रोळीच्या कारखान्यातले फिटर. पुढची सतरा वर्षं गाऱ्हाणं त्यांनीच घातलं.

मग एका चतुर्थीला, बायको सुगंधा पाणी भरायला गेलेली असताना, मोदकांचं सारण त्यांच्यासमोर करपलं आणि त्यांना वास आला नाही. चालताना उजवा हात हलेनासा झाला. गाऱ्हाण्यासाठी ते नावांची यादी लिहीत, त्यातली शेवटची नावं मुंगीएवढी होऊ लागली. जन्मभर शाळेत वह्या तपासलेली मी, पण त्यांना नुसतं चष्मा बदला म्हणाले.

पुढच्या वर्षी अंगठा आणि बोट सतत एकमेकांवर फिरू लागली, जणू वात वळताहेत. चेहरा हलेना. शेजारी म्हणाले, जयवंताला गर्व चढलाय. आवाज इतका बसला की वाक्य कुठे संपलं ते कळेना, "व्हय म्हाराजा" उशिरा येऊ लागलं. शेजारचा दशरथ ओरडला, "काय रे जयवंता, देवाच्या कानात सांगतस काय?" सगळे हसले. जयवंतराव हसले नाहीत. त्यांना हसता येत नव्हतं.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. गोळ्या वेळच्या वेळी, दिवसातून पाच वेळा. बरा होत नाही, पण गोळ्यांनी हालचाल राहते. जयवंतरावांचा मात्र त्यावर विश्वास बसला नाही.

"बाई, मी गेल्या खेपेला गावच्या राखणदार देवाचं नाव घ्यायला विसरलो," ते मला म्हणाले. "त्यानेच घसा धरलाय माझा."

"अहो, डॉक्टर म्हणतात ना मेंदूतलं आहे?"

"डॉक्टर कुठे होता मंडपात?"

सुगंधाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. गावी जाऊन राखणदाराला नारळ दिला, क्षमा मागितली. अकराव्या दिवशी मुलगा निलेश त्यांना गाडीत आडवं घालून घेऊन आला. अंग लाकडासारखं, लाळ गळतेय, पाणीसुद्धा गिळता येईना. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण पूर्वीची चाल परत आली नाही. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटत. सुगंधाने फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जाई.

गेल्या चतुर्थीला त्यांनी हट्ट धरला. "एकदाच, नीट. सगळी नावं घेऊन."

निलेशने खुर्चीतून मंडपात नेलं. नारळ मांडीवर, हात थरथरताहेत. माइक तोंडाला लावला तरी नुसता श्वास ऐकू येत होता. ओठ हलत होते. कुठे म्हणायचं, चाळीत कुणालाच कळेना. सुगंधाने त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि ती एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग पुन्हा. बराच वेळ तिचाच आवाज येत होता.

नंतर तिला विचारलं, काय मागितलं? ती म्हणाली, "सगळ्यांचं मागितलं. तुमच्या गुडघ्याचंही. स्वतःचं विसरले."

या वर्षी गाऱ्हाणं निलेश घालणार आहे. जयवंतराव खिडकीजवळच्या पलंगावर असतात. सुगंधा त्यांना चमच्याने पातळ पेज भरवते, एका वाटीला पाऊण तास लागतो.