चौदावं पान

माझा हेडसेट योकेबाईंच्या कानावर होता.

सीझनची तिसरी मॅच. आमच्या स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, तिला आम्ही बूथ म्हणतो. तिथून अख्खं मैदान दिसतं. बूथमध्ये दोन हेडसेट असतात. एक असिस्टंट कोचचा. दुसरा चार वर्षं माझा होता. त्यातून खाली मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हेड कोचशी थेट बोलता येतं. त्या रविवारी मी वर गेलो तर माझ्या खुर्चीत योकेबाई, मांडीवर चौकटीची वही, हातात पेन्सिल. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, कोचने बसायला सांगितलंय. माझ्यासाठी मागे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती.

मी काय करतो ते सांगतो, कारण चिंचवडच्या माझ्या काकांना अजून वाटतं की मी फुटबॉल खेळतो. मी एका प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीमचा व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट आहे. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरापासून जवळच आमचं मैदान आहे. या खेळात चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. प्रत्येक प्रयत्नाला प्ले म्हणतात. बॉल एक तर घेऊन पळायचा, नाहीतर फेकायचा. समोरच्याला यातलं काय होणार हे आधी कळलं, की तुमचं कल्याण झालंच म्हणून समजा. मी प्रत्येक प्ले पन्नास वेळा बघतो, सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो आणि दर गुरुवारी रिपोर्ट काढतो.

आणि योकेबाई? त्या कँटीनमध्ये कॉफी द्यायच्या. इथे क्लब कितीही प्रोफेशनल असो, खेळाडू पगारी असोत, कँटीन आणि पार्किंग गावातले स्वयंसेवकच सांभाळतात. योकेबाई प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मॅच चालू असताना काउंटरमागून बघत त्या वहीत काहीतरी टिपून ठेवायच्या. मागच्या वर्षी आम्ही एकच मॅच जिंकलो, जुन्या कोचला नारळ मिळाला आणि अमेरिकेहून नवीन कोच आला. त्याने पहिल्याच आठवड्यात ती वही पाहिली. तीत लिहिलं होतं, समोरचा बावीस नंबर दमला की मोजे वर ओढतो. अमक्याला ओरडा बसला की पुढचे दोन प्ले तो घाबरून खेळतो. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेली बाई, तिला कोण मस्ती करणार हे पाठ फिरवूनही कळायचं. कोच तर खूशच झाला.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. सुजाता नायमेखनच्या एका लॅबमध्ये काम करते, आकड्यांची बाजू घेईल असं वाटलं होतं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "म्हणजे तुला सवत आली?"

तेव्हा मी हसलो. पण खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. पुणे विद्यापीठाची स्टॅटिस्टिक्सची पदवी, चार वर्षांचा डेटा, आणि कोच विचारतो कोणाला, तर "योके, तुला काय वाटतं?" मीटिंगमध्ये मी ग्राफ दाखवायचो आणि तो घड्याळ बघायचा. बाई मोज्यांबद्दल बोलल्या की वही पुढे ओढून घ्यायचा. त्यात आम्ही पहिल्या तिन्ही मॅच जिंकलो. हरलो असतो तर निदान मला बरं वाटलं असतं.

हे सगळं मी फक्त एका माणसाजवळ बोलायचो. टायलर, आमचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा मेंदू. पंचवीस वर्षांचा, ओहायोचा. आम्ही एकाच गावात राहायचो, त्यामुळे प्रॅक्टिस झाली की कालव्याच्या कडेने आठ किलोमीटर सायकलवर बरोबर जायचो. हा सीझन चांगला गेला तर त्याला मोठ्या टीममधून बोलावणं येणार होतं. आईला विमानाचं तिकीट पाठवून ठेवलं होतं त्याने, शेवटच्या मॅचसाठी.

चौथी आणि पाचवी मॅच आम्ही हरलो. समोरच्यांना आमचं सगळं आधीच कळतंय असं वाटत होतं. मी त्या आठवड्यात आमच्याच टीमचे व्हिडिओ पुन्हा बघायला घेतलं आणि बुधवारी मला सापडलं. आमचा ब्राम, टायलरच्या डाव्या बाजूचं रक्षण करणारा एकशे तीस किलोचा गडी. प्ले सुरू होण्याआधी तो एक हात जमिनीला टेकवून वाकतो. पळायचा प्ले असेल तर सगळा भार हातावर, बोटांची पेरं पांढरी. फेकायचा असेल तर बोटं नुसती गवताला लागलेली. बस्स. ज्याला हे कळलं त्याला आमचा प्रत्येक प्ले उघड्या पुस्तकासारखा होता.

मला इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना. तेव्हाच उठून कोचच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. पण मनात आलं, का जाऊ? ज्याला वही प्यारी त्याने वहीत शोधावं. मी आपलं काम आपल्या पद्धतीने केलं. ते रिपोर्टमध्ये घातलं, चौदाव्या पानावर, तिसऱ्या टेबलमध्ये. गुरुवारी मेल केली, मॅनेजरला सीसीत ठेवलं. हिंजवडीत आठ वर्षं काढलेल्या माणसाला कोणी वेगळं शिकवायला नको. मेल गेली, पुरावा राहिला, आपले हात स्वच्छ. विचारलं तर सांगू.

शुक्रवारी कोचने काही विचारलं नाही. त्याने पहिलं पान वाचलं असावं. शनिवारी कँटीनमध्ये योकेबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात माझ्या रिपोर्टची प्रिंट होती, पूर्ण, पेन्सिलच्या खुणांसकट. चौदावं पान उघडून त्यांनी विचारलं, हे तिसरं टेबल कशाचं आहे, मला कळलं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता माझं सापडलेलंही हीच बाई कोचला सांगणार आणि शाबासकी घेणार! मी म्हणालो, ते टेक्निकल आहे, विशेष काही नाही. बाईंनी मान हलवली आणि पान मिटलं.

रविवारी दुसऱ्या क्वार्टरमध्ये टायलरने फेकायला हात मागे घेतला. समोरचा माणूस जणू प्ले सुरू व्हायच्या आधीच निघाला होता. मी प्लास्टिकच्या खुर्चीवरून दुर्बिणीने ब्रामची बोटं पाहिली होती, नुसती गवताला लागलेली. टायलर डाव्या खांद्यावर पडला आणि उठला नाही. कॉलरबोन मोडलं होतं. त्याचा सीझन तिथे संपला.

सोमवारच्या मीटिंगला कोचने विचारलं, त्यांना कळलं कसं? इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो आला, आणि मला तो नको झाला. तरी सवय जाते का. मी लॅपटॉप फिरवला, चौदावं पान दाखवलं आणि म्हणालो, गुरुवारीच मेल केलीय.

कोचने टेबल वाचलं. सावकाश, दोनदा वाचलं. मग योकेबाई बोलल्या, आवाज न चढवता, बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं.

"मी त्याला शनिवारी याच पानाबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, विशेष काही नाही."

त्यात चुगली नव्हती. इथली माणसं जे झालं ते समोरच बोलतात, आणि मग तुम्हाला कॉफीही विचारतात. बाईंनी मला विचारली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात, मी तर नाक दुसऱ्याचंच कापलं होतं.

कोचने मला काढलं नाही. एवढंच म्हणाला, की उरलेल्या सीझनभर योकेच्या शेजारी बस आणि जे दिसेल ते तिला तोंडाने सांग. ब्रामची सवय एका दुपारी मोडली. राखीव क्वार्टरबॅक घेऊन आम्ही उरलेल्यांपैकी निम्म्या मॅच रडतखडत जिंकलो. मागच्या वर्षीच्या मानाने फारच बरं. शेवटच्या दिवशी कोचने भाषणात योकेबाईंचे आभार मानले, "आणि तिच्या शेजारी बसतो त्याचेही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्या मॅचला टायलरची आई आली होती. मुलगा गळ्यात हात अडकवून तिच्या शेजारी स्टँडमध्ये बसला होता. मोठ्या टीमचं बोलावणं आलं नाही. मॅच संपल्यावर मी सायकल हातात धरून त्याच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत चालत गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. बुधवार, चौदावं पान, योकेबाई, सगळं. तो ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं.

"त्या शुक्रवारी आपण घरापर्यंत बरोबर आलो होतो, मिलिंद," तो म्हणाला. "आठ किलोमीटर."

त्या आठ किलोमीटरमध्ये मी काय बोललो होतो ते मला पक्कं आठवत होतं. योकेबाईंबद्दल बोललो होतो.

आता माझा रिपोर्ट एका पानाचा असतो. तो मेल करतो, मग जिना उतरून खाली जातो आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तोंडावर सांगतो. मेल गेली म्हणजे काम झालं, असं फक्त पाठवणाऱ्याला वाटतं. हेडसेट अजून योकेबाईंकडेच आहे. पोटात अजून दुखतं, पण जे दिसतं ते सांगतो.