गायकवाडसाहेबांचं नाक

वासाच्या कंपनीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कपड्यांना चिकटून घरी येतात आणि कितीही धुवा, जात नाहीत. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत अशाच एका कारखान्यात होते. साबणवाल्यांना, अगरबत्तीवाल्यांना लागणारे सुगंध आम्ही बनवायचो. नव्वदीची सुरुवात असेल. संध्याकाळी बदलापूर स्टेशनबाहेरची भाजीवाली मावशी मान वर न करता सांगायची, "आज केवडा वाटतं." एकदा दिवसभर लोबान केला होता, तर मला म्हणते, "ताई, घरात कुणी गेलं का हो?"

काय बोलणार, कपाळ!

*

आमच्या लॅबचे मुख्य गायकवाडसाहेब. उल्हासनगरला, कॅम्प पाचला राहायचे. पान नाही, तंबाखू नाही, डोक्याला तेल नाही, चहात वेलचीसुद्धा नाही. कारण त्यांचं नाक तेच कंपनीचं नाक. कागदाची पट्टी सुगंधात बुडवायची, साहेबांनी हुंगायची, "पास" म्हणायचं, मग माल गेटबाहेर.

माझ्या इंटरव्ह्यूला त्यांनी माझ्यासमोर अशाच चार-पाच पट्ट्या ठेवल्या. मी गुलाब ओळखला, चंदन ओळखलं. शेवटच्या पट्टीला काही केल्या वास लागेना. नोकरीची गरज होती हो. मी म्हटलं, "मोगरा. पण फार हलका."

"शैलाताई," साहेब म्हणाले, "ती कोरी पट्टी आहे."

मी पर्स उचलून निघालेच. तर म्हणतात कसे, "बसा. सोमवारपासून या. ओळखायला मी शिकवीन. वास आला नाही तर 'आला नाही' म्हणायला तेवढं तुमचं तुम्ही शिका."

*

लॅबची पद्धत ठरलेली होती. हुंगायचं धाकट्याने आधी, साहेबांनी सगळ्यात शेवटी. मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांनाही तोच वास यायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

लॅबमध्ये तिसरा म्हात्रे, चिखलोलीचा. बोलायला फटकळ, मनाने साखर. एका दुपारी त्याने डबा उघडला. आत सुकट! बायकोने दिराचा डबा याच्या पिशवीत घातला होता. आमच्याकडे साधा कांदा चालायचा नाही. मागे एकाने बोंबील आणला, तर साहेबांनी गेटवरूनच आरडाओरडा केला होता.

म्हात्रे झाकण शोधतोय, मी खिडक्या उघडतेय, आणि साहेब आत आले. आले, म्हात्रेच्या शेजारी बसले, आपला डबा उघडून शांतपणे जेवायला लागले. "काय म्हात्रे, आज वहिनींनी काय दिलंय?"

"भेंडी," म्हात्रे म्हणाला.

"छान," साहेब म्हणाले.

म्हात्रेने माझ्याकडे पाहिलं. घास त्याच्या हातातच राहिला होता. मला एकदम रडू यायला लागलं.

*

त्या संध्याकाळी मी त्यांना सायकल स्टँडपाशी गाठलं आणि सरळ विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मार्चमध्ये ती मोठी सर्दी झाली ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणारही नाही."

"घरी?"

"घरी कुणाला बोललो नाही. धाकटी बारावीला आहे." मग त्यांनी घंटीशी उगाच चाळा केला. "ताई, रोज सकाळी बुद्धवंदनेला बसतो. पाचवं शील दारू न पिण्याचं. ते जन्मभर पाळलं, कधी जड गेलं नाही. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते मी रोज इथे येऊन मोडतो. तुम्ही दोघं काय म्हणता ते ऐकतो आणि पास म्हणतो."

नाक गेलं म्हणजे नोकरी गेली, हे सांगायची गरजच नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, नाक नसलेल्या माणसाला कोण ठेवून घेणार? मी म्हटलं, "आम्ही आहोत ना." साहेब सायकलवर टांग टाकून निघाले.

*

आमचे मालक लालचंदसेठ. सिंधी माणूस, दिलदार, पण डोक्यात एकदा काही शिरलं की संपलं. एक दिवस हातात पट्टी नाचवत थेट लॅबमध्ये. "गायकवाड, हे बघा, मुंबईच्या पार्टीचा माल. आपल्याला कॉपी करायचा आहे. पहिले तुम सूंघो."

साहेबांचा हात पुढे झाला.

म्हात्रेने मधल्यामध्ये पट्टी पळवली. "आमची पद्धत हाय सेठ. ल्हानांनी पयलं."

"अरे, मालक मी आहे की तू?"

"मालक तुमीच. पन लॅबमंदी पद्धत मालक." आणि हुंगून मोकळा. "लिंबू हाय. खाली खस."

साहेबांनी मग पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरोबर." सेठ खूश होऊन गेले. साहेब मात्र बेसिनपाशी जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले.

*

आणि मग ती नाशिककडची ट्रिप.

तिकडे एका द्राक्षबागायतदाराने वाइनचा कारखाना काढला होता आणि परदेशात बघून आल्यावर त्याने शेजारी वाइनचं म्युझियमही उभं केलं होतं. त्यातल्या वासाच्या बाटल्या पुढे कुणीतरी भरून द्यायच्या होत्या. ती ऑर्डर सेठना हवी होती. "मी बोलून बसलोय, माझ्या माणसाचं नाक बघाच. तुम्हीच तिकडे माझी इज्जत, गायकवाड." आम्हा तिघांना मेटाडोरमध्ये घालून सेठ स्वतः घेऊन निघाले. वाटेत सेठ एकटेच बोलत होते. साहेब खिडकीबाहेर बघत होते आणि म्हात्रे माझ्या कानात एकच गोष्ट घोकत होता, "आपून पयलं हुंगायचं. काय बी झालं तरी."

म्युझियम मात्र झकास. इथे 'हात लावू नका' अशी पाटीच नाही, उलट सगळ्याला हात लावायचा. बटण दाबलं की नकाशावर दिवे लागत आणि द्राक्षाची वेल कुठून कुठे गेली ते दिसे. मातीच्या जुन्या रांजणांत डोकं घातलं की आतून कुणीतरी गोष्ट सांगे. एका टबात द्राक्षं पायांनी तुडवायची. सेठनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिरले. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते. त्या दिवशी मी साहेबांच्या बाजूने हलले नाही.

पुढे ट्रेमध्ये ग्लास आले. साहेबांनी हात जोडले, "मी घेत नाही."

"पिऊ नका, साईं," सेठ म्हणाले, "पण हुंगायला तर कुठलं शील नाही ना?"

शेवटच्या टेबलावर तपकिरी बाटल्या. नाव नाही, फक्त नंबर. प्रत्येकीला रबरी फुगा, तो दाबला की नाकावर वास येणार. बागायतदार स्वतः येऊन उभा राहिला. माहिती देणाऱ्या टायवाल्या मुलाने एक बाटली पुढे केली.

म्हात्रे सरसावला. "आमची पद्धत हाय..."

"आज पद्धत राहू दे," सेठ कडाडले. "मागे हो. गायकवाड पहिले."

मी काही बोलायला गेले, तर सेठनी मलाही हातानेच मागे सारलं.

पण सेठना धीर कुठला. साहेबांनी हात पुढे करायच्या आत त्यांनीच बाटली ओढली, फुगा दाबला आणि तोंडभर हसले. "गुलाब! पक्का गुलाब. बोला गायकवाड."

माझा जीव भांड्यात पडला. उत्तर आयतं मिळालं होतं. आता साहेबांनी फक्त "बरोबर" म्हणायचं होतं, नेहमीसारखं.

साहेबांनी बाटली घेतली. एकदा फुगा दाबला. परत दाबला. मग बाटली टेबलावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मला काही वास येत नाही."

सेठचा चेहरा पडला. म्हात्रेने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

आणि तो टायवाला मुलगा टाळ्या वाजवायला लागला. "सर, बाटलीत नुसतं पाणी आहे. रोज कुणीतरी गुलाब म्हणतं, कुणी व्हॅनिला म्हणतं. काहीच नाही म्हणणारे तुम्ही पहिले."

बागायतदाराने साहेबांचा हात हातात घेतला. "पाण्याला पाणी म्हणणाऱ्याला बाकीच्या बाटल्या काय विचारायच्या? सेठ, ऑर्डर तुमची. पण हुंगणार हेच."

सेठनी साहेबांना मिठीच मारली. साहेबांनी त्यांना हळूच बाजूला केलं. त्यांचे डोळे भरले होते.

"सेठ, ऐका माझं. मला खरंच काही वास येत नाही. मार्चपासून येत नाही."

सेठ खो खो हसत सुटले. "बस करा, गायकवाड. सगळ्यांसमोर किती लाजवाल मला? मानलं, गुलाब नव्हता!"