दोन टेलिप्रिंटर आणि एक यादी

एकाहत्तरचं युद्ध संपून जेमतेम आठवडा झाला होता. सांगलीहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या सातारा कचेरीत मी टेलिप्रिंटर चालवत होते. जिल्ह्यातल्या बातम्या मी इकडे टाइप करायच्या, की तारेवरून त्या सांगलीच्या मशिनवर उमटायच्या. कळा इंग्रजी असल्यामुळे मराठी मजकूरही रोमन अक्षरांतच जायचा.

एका सकाळी पाटणकडच्या खेड्यातले एक म्हातारे गृहस्थ आत आले. एका हातात आमचा पेपर, दुसऱ्या हातात लष्करी इस्पितळातून आलेलं पत्र.

"बाई, ह्ये तुमीच छापलं न्हवं?" त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला. "पोरगा जित्ता हाय. पायाला गोळी लागलीया. आन हितं मेल्याल्यांत नाव! तार आली न्हवती, पन पेपरात आलं म्हंजी खरंच, आसं वाटलं आमास्नी. सुनंनं बांगड्या फोडल्या वं."

ती यादी मीच पाठवली होती. वर हुतात्मे, खाली जखमी. छापून आली ती एकच सलग यादी, आणि मथळा एकच, हुतात्म्यांचा.

मी सांगलीला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. संपादक म्हणाले, "तुमच्या टायपिंगच्या चुका पंधरा दिवस आम्ही इथं निस्तरतोय. तोंडी सांगितलं, चिठ्ठी पाठवली. आता हे!"

"माझ्या मशिनवर सगळं बरोबर उमटतंय."

"आमचं मशीन तर नवीन आहे, बाई, पंधरा दिवसांपूर्वीच बसवलंय. मेकॅनिकनं दोनदा तपासलंय. तुम्ही बोटांकडे लक्ष द्या."

माझं डोकं फिरलं. सांगलीला उमटलेले कागद पेपरच्या गठ्ठ्याबरोबर एसटीनं परत यायचे, आणि आजवर मी ते शरमेनं नीट पाहिलेही नव्हते. त्या दिवशी मी ते सगळे पसरून बसले. जिथं मी एन दाबला होता तिथं एम. डीच्या जागी बी. टी तर बहुतेक ठिकाणी गायबच. एचच्या जागी मोकळी जागा. 'जखमी' या शब्दातली जे, के, एच तिन्ही गेलेली. मधल्या 'ए'च्या जागी उरली एक आडवी रेघ, आणि शेवटचं 'मी'. उपसंपादकानं तो कचरा समजून खोडला होता.

बोटं चुकतात तेव्हा कशीही चुकतात. रोज त्याच अक्षराच्या जागी तेच चुकीचं अक्षर उमटत असेल, तर ते बोटांचं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं सांगली गाठली. पर्समध्ये आमच्या मशिनची गती तपासायचा फोर्क होता. दोन पायांचा पोलादी चिमटाच तो. टेबलावर आपटून डोळ्याशी धरायचा, त्याच्या फटीतून फिरत्या मोटारीवरचे पांढरे ठिपके बघायचे. ठिपके जागच्या जागी उभे दिसले की गती बरोबर.

मेकॅनिकनं त्यांचा फोर्क धरून दाखवला. "बघा की, ठिपके उभे आहेत."

"आता माझ्यानं बघा."

त्यांनी माझा फोर्क घेतला. ठिपके पळत होते. त्यांनी दोन्ही फोर्क शेजारी ठेवले. दोन्हींवर कोरलेले आकडे वेगळे होते. नव्या मशिनची गती आमच्या जुन्या मशिनपेक्षा जास्त होती. आपापल्या जागी दोन्ही बरोबर, पण एकमेकांशी बोलायला लागली की अक्षर पुरतं यायच्या आधीच सांगलीचं मशीन पुढं पळायचं आणि अक्षराचं शेपूट तुटायचं.

"माझ्या ध्यानातच आलं नाही," मेकॅनिक हळू म्हणाले आणि मोटारीचा स्क्रू फिरवायला लागले. गती मिळाल्यावर मी साताऱ्याला फोन करून आमच्या वार्ताहराला मशिनवर बसवलं. त्यांनी एका बोटानं 'जखमी' टाइप केलं. अख्खा शब्द स्वच्छ उमटला. मला आनंद झाला नाही. तो कागद मी टर्रकन फाडला आणि संपादकांच्या टेबलावर आपटला.

"पहिल्या पानावर माफी छापा. आणि तुम्ही स्वतः त्या घरी जा."

"तांत्रिक दोष आहे, बाई. दुरुस्ती देऊ."

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, तळाला, दोन ओळी आल्या. घरी कोणी गेलं नाही.

मग रविवारी मी गेले. मेकॅनिक आपणहून सांगलीहून आले होते. सून उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. मनगटांवर काचेचे ओरखडे अजून ताजे होते, वर नव्या हिरव्या बांगड्या. मी सगळं सांगितलं. मेकॅनिकनी हात जोडले.

तिनं एवढंच विचारलं, "किती दिस बिगडल्यालं त्ये मशीन?"

"पंधरा."

"आन पंधरा दिस समदी तुमास्नीच बोलत व्हती?"

"हो."

"मग तवाच का न्हाई भांडला?"

मी पर्स उचलली. चहा न घेताच आम्ही निघालो. संपादकांवरचा माझा राग आजही गेलेला नाही. पण त्या पंधरा दिवसांत मान खाली घालून टाइप करत राहिलेल्या माझ्यावरचा राग त्याहून मोठा आहे.