मेश्राम मॅडम आणि रक्तपेढीचा सर्व्हर

एका भर दुपारी मी रक्तपेढीचा सर्व्हर बंद पाडला होता.

त्या दिवशी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलेल्या मेश्राम मॅडम आज सकाळी गेल्या.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. कोथरूडमधलं आमचं छोटं ऑफिस; एका रक्तपेढीचा सर्व्हर आम्ही तिथून सांभाळायचो. मॅडम तिथल्या सिस्टिम ॲडमिन, मूळच्या भंडाऱ्याच्या.

सर्व्हर रूममध्ये एसीची एकसुरी घरघर, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, आणि मॅडमचं ते सावकाश टायपिंग.
आत गेलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. बाहेरचं पुणं कुठंतरी लांब राहायचं.

मला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते.

रक्तपेढीतून साठेकाकांचा फोन आला. "स्क्रीन अडकलीय हो."
मी काहीही न बघता कमांड दिली. डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट.

ती बंद झाली. परत सुरू झालीच नाही.

पुन्हा साठेकाका. "अहो, ऑपरेशन टेबलावर बाळंतीण आहे. ओ निगेटिव्ह कुठल्या फ्रीजमध्ये आहे, ते फक्त तुमच्या कॉम्प्युटरलाच ठाऊक!"

मी रिसीव्हर मॅडमपुढे धरला.

मॅडमनी रिसीव्हर घेतला. "काका, कॉम्प्युटर राहू द्या. फ्रीज उघडा, एकेक लेबल वाचा. मी फोनवर आहे."

मग रिसीव्हर खांद्यात धरून मला म्हणाल्या, "आता तू. आधी स्टेटस विचार."

"फेल्ड दाखवतंय."

"काहून? लॉगच्या शेवटच्या ओळी वाच. मोठ्यानं."

सर्व्हरच्या नोंदींच्या त्या ओळी वाचल्या. डिस्क भरली होती. डेटाबेसला लिहायला जागाच नव्हती.

"मग जागा कर. जुने लॉग दुसऱ्या डिस्कवर हलव. घाई नको करू."

हलवले. स्टार्ट. पुन्हा स्टेटस.
रनिंग.

पण त्याआधीच फोनमधून साठेकाका ओरडले होते, "सापडल्या! दोन पिशव्या आहेत!"

संध्याकाळी कळलं, आई आणि मुलगी दोघी सुखरूप. मी जिन्यात बसून रडले.

साहेबांनी विचारलं, कुणी केलं?
मॅडम म्हणाल्या, "डिस्क भरून राहिली होती. ते बघायचं काम माझं होतं."
चूक त्यांचीही होती हे त्यांनी सांगितलं नसतं, तर कुणाला कळलंही नसतं.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला पुण्याबाहेर मांजरी गावी गेले. बाल्कनीतून उसाचे तुरे हलताना दिसत होते. औषधांच्या गुंगीत त्या मध्येच झोपत होत्या, मध्येच बोलत होत्या.

मी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी मला उठवून तुम्हीच का नाही टाइप केलंत? पटकन झालं असतं."

डोळे मिटूनच हसल्या.
"रक्त तं काका शोधूनच राहिले होते. तुला उठवलं असतं, तर तू परत त्या खुर्चीत बसली नसतीस."

मी बसले, मॅडम. अजून बसते.

शांतपणे जा.
जय भीम.